गप्प झालेल्या मशीनची खूण

महाडच्या बाजारपेठेत एका कापडदुकानाच्या माडीवर आमचा कॉम्प्युटर क्लास होता आणि मी तिथे शिकवत होते. दोन हजार सालानंतरची ती पहिली चार-पाच वर्षं. माझी नुकतीच पदवी झाली होती. डॉसच्या कमांड मला तोंडपाठ होत्या आणि त्याचा थोडा तोराही होता. मुलांना डॉस नकोसं झालेलं. काळ्या पडद्यावर पांढरी अक्षरं बडवायची कशाला, असं ती तोंडावर विचारायची. पण क्लासचे सर जुन्या वळणाचे. बॅच फाईल, म्हणजे ओळीनं कमांड लिहून ठेवलेली फाईल, लिहिता आल्याशिवाय ते कुणाला सर्टिफिकेट देत नसत. आजूबाजूच्या गावांत कुणाचं मशीन अडलं की ते मलाच पाठवत.

एका सकाळी ते म्हणाले, "पोलादपूरला स्टँडसमोर एसटीडी बूथ आहे. तिथलं मशीन बोलत नाही म्हणतात. जरा बघून ये."

"बोलत नाही म्हणजे?"

"बूथवाल्यांना दिसत नाही. त्यांच्या मशीनमध्ये वाचून दाखवणारा प्रोग्राम आहे. मलाही फारसं माहीत नाही. तू जा."

आंधळा माणूस कॉम्प्युटर चालवतो हे मी तोवर ऐकलंसुद्धा नव्हतं. एस.टी.त बसल्यावर वाटलं, घरातल्या मुलांसाठी घेतला असेल, सरांचा काहीतरी घोळ झाला.

बूथमध्ये एक लांब बाकडं, काचेच्या खोक्यात फोन, गल्ल्यावर दुसरा फोन आणि भिंतीकडेच्या टेबलावर कॉम्प्युटर. टेबलाशी पन्नाशीच्या आसपासचे एक गृहस्थ ताठ बसले होते. मी महाडहून आले म्हटल्यावर त्यांनी पायानंच शेजारचं स्टूल माझ्याकडे सरकवलं.

"बस बाय. कालपासून मशीन मुकं झालंय. पंखा फिरतोय, म्हंजे जीव हाय. पण तोंड उघडत नाय."

मी मॉनिटर चालू केला. चित्रं नेहमीपेक्षा मोठी झाली होती, पाठीमागे काळा रंग आणि पडद्याच्या चारही कोपऱ्यांत 'सेफ मोड' हे शब्द. मी मशीन बंद करून पुन्हा चालू केलं. दोनेक मिनिटांत स्पीकरमधून एक परदेशी, सपाट, घाईघाईचा आवाज आला आणि काकांचा चेहरा एकदम सैल झाला. काका असं मी त्यांना त्या पहिल्या दिवसापासूनच म्हणायला लागले.

"काय केलंस गो?"

"काही नाही. बंद करून चालू केलं."

"येवढंच?"

त्या 'येवढंच'मध्ये कौतुक नव्हतं. येवढ्यासाठी मला महाडहून माणूस बोलवावा लागला, असा त्याचा अर्थ होता. तो मला तेव्हा कळला नाही. मी चहा पिऊन, हुशारी दाखवून परत आले.

सेफ मोड म्हणजे काय ते सांगायला हवं. मशीन अचानक बंद पडलं, वीज गेली, काही बिघडलं, तर विंडोज पुढच्या वेळी एक यादी दाखवतं: कसं सुरू होऊ? नेहमीसारखं, की जपून? जपून म्हणजे सेफ मोड. त्यात लागेल तेवढंच चालू होतं. आवाज नाही, इंटरनेट नाही, छपाई नाही. डोळस माणसाला ते पाहताक्षणी कळतं. काकांच्या दृष्टीनं मात्र सेफ मोडमध्ये गेलेलं मशीन आणि जळून गेलेलं मशीन यांत काही फरक नव्हता. दोन्ही गप्पच.

मशीन पुन्हा मुकं झालं म्हणून दुसऱ्या खेपेला गेले तेव्हा काका त्या मशीनचं काय करतात ते मी पाहिलं. बाकड्यावर कुडपणहून आलेले एक म्हातारबाबा आणि त्यांची बायको बसले होते. बाबांच्या खांद्यावर घोंगडी, आजींच्या मांडीवर नाचणीचं गाठोडं. गुरं आणि डोंगरावरची शेती यांत आयुष्य गेलेली माणसं. त्यांचा मुलगा आखातात एका गॅरेजमध्ये कामाला होता. तो तिथल्या इंटरनेटच्या दुकानातून इंग्रजी अक्षरांत मराठी लिहून काकांच्या पत्त्यावर ई-मेल पाठवायचा, आणि हे दोघं बाजाराच्या दिवशी तो ऐकायला उतरायचे.

मी मशीन पूर्ववत केलं. काकांनी फोनची तार जोडली, मोडेमचं किंचाळणं ऐकलं, ते थांबल्यावर बोटं चालवली आणि त्या परदेशी आवाजानं पत्र वाचायला घेतलं. त्याला मराठी कुठून येणार? 'बाबा'चं 'बेबा', 'बरा आहे'चं 'बॅरा अही', 'पाऊस'चं काय झालं ते तर मला समजलंच नाही. मी हसू दाबत होते. काका मान तिरकी करून ऐकत होते आणि एकेक वाक्य झालं की थांबवून शांतपणे सांगत होते.

"बाबा, मी बरा हाय. इकडं पाऊस नाय, नुसती वाळू हाय. काळी गाय व्याली का ते कळवा."

"व्याली रे, व्याली!" म्हातारबाबा मशीनकडे बघूनच म्हणाले. "पाडी झालीय म्हणावं."

काकांनी ते लगेच टाईप केलं. एकही अक्षर चुकलं नाही. मी क्लासमध्ये मुलांना टायपिंग शिकवत होते आणि मला स्वतःला कीबोर्डकडे न बघता चार शब्द लिहिता येत नव्हते. माझं हसू तिथेच विरलं.

काकांचं मूळही कुडपणच्याच बाजूच्या एका वाडीतलं. लहानपणी तापात दृष्टी गेली. मुंबईला असलेल्या चुलत्यांनी त्यांना अंधशाळेत घातलं. पुढे त्यांनी एका मोठ्या कचेरीत वीस वर्षं टेलिफोन ऑपरेटरची नोकरी केली. ती सुटल्यावर मुंबईतच कॉम्प्युटर शिकले, जुनं मशीन मिळवलं आणि बायकोबरोबर इकडे आले. बूथ काकू आणि ते आळीपाळीनं सांभाळत. हे सगळं मला काकूंनी सांगितलं. काका स्वतःबद्दल फारसं बोलायचे नाहीत.

तिसऱ्या खेपेला मात्र त्यांनी मला चहाही घेऊ दिला नाही.

"आधी सांग. तू आलीस, टीव्ही चालू केलास आणि लगेच म्हणालीस, सेफ मोड. तुला कसं कळलं?"

"पडद्यावर लिहिलेलं असतं. चारही कोपऱ्यांत."

"ते तुझ्यासाठी लिवलंय. मला सांग, मशीनला स्वतःला ठावं असतं का, आपण कसे उठलो ते?"

हा प्रश्न मला कधी पडलाच नव्हता. पडद्यावर शब्द येतात म्हणजे मशीनला कुठेतरी ते माहीत असणारच. पण कुठे?

"असेल काका. शोधावं लागेल."

"मंग शोधू. आज तुला घाई हाय का?"

घाई नव्हती. डॉसमध्ये 'सेट' म्हणून एक साधी कमांड होती. मशीन स्वतःबद्दल ज्या गोष्टी लक्षात ठेवतं, त्यांची नावं ती ओळीनं दाखवते. मी म्हटलं, मशीन नेहमीसारखं चालू असताना ही यादी काढू, मग मुद्दाम सेफ मोडमध्ये जाऊन पुन्हा काढू. फरक असेल तर दिसेल. प्रिंटर नव्हता, म्हणून मी वही काढली.

"लिवू नको," काका म्हणाले. "वाच."

"तीसेक ओळी आहेत."

"वाच तर."

मी वाचल्या. निरर्थक वाटणारी इंग्रजी नावं, बरोबरचिन्ह, पुढे आणखी काहीतरी. काका डोळे मिटून ऐकत होते, बोटं मांडीवर हलत होती. मग मी मशीन बंद करून सेफ मोडमध्ये चालू केलं आणि तीच कमांड देऊन पुन्हा वाचायला लागले. अर्ध्याहून पुढे गेले असेन तेवढ्यात त्यांनी हात वर केला.

"थांब. हे मघाशी नव्हतं."

मी ओळ पुन्हा पाहिली. 'सेफबूट ऑप्शन', आणि पुढे 'मिनिमल'.

मी यंत्रासारखी वाचत गेले होते. ओळ डोळ्यांसमोरून गेली तरी मला काही वाटलं नव्हतं. ज्या माणसाला त्या नावांचा अर्थ माहीत नव्हता, त्यानं एकदाच ऐकून वेगळं नाव बाजूला काढलं. काका म्हणाले, "वीस वर्षं एक्स्टेन्शनचे नंबर तोंडपाठ होते गो. शेकड्यानं. त्यात नवा आला की खटकायचा."

उरलेलं काम सोपं होतं. ते नाव असेल तर मशीन सेफ मोडमध्ये उठलंय. नसेल तर नेहमीसारखं. तेवढं तपासणारी चार ओळींची बॅच फाईल मी डोळे झाकून लिहिली असती. अडचण होती ती उत्तराची. स्पीकर बंद, वाचणारा आवाज बंद, तर मशीननं सांगायचं कसं?

"फोन कसा सांगतो?" काका म्हणाले. "उचलला की एक आवाज, लागत नसला की दुसरा. फोनला कुठं मराठी येतं!"

तेव्हा मला आठवलं. चालू करताना कॉम्प्युटर एकदा टुक करून वाजतो तो बाहेरच्या स्पीकरमधून नव्हे. डब्याच्या आतच एक बोटाएवढा भोंगा असतो. कंट्रोलचं बटण धरून 'जी' दाबलं की जे चिन्ह उमटतं, ते डॉसमध्ये त्या भोंग्याला वाजायला लावतं. सेफ मोडमध्ये तो चालेल का, याची मला खात्री नव्हती. करून पाहिलं. वाजला. काका स्टुलावरून अर्धे उठले.

ठरलं असं: नेहमीसारखं असेल तर एक टुक, सेफ मोड असेल तर तीन. फाईलचं नाव काकांनीच ठेवलं, 'बोल'. सुरू करायची तर विंडोजचं बटण आणि 'आर', मग बी, ओ, एल आणि एंटर. यातलं काहीही बघावं लागत नव्हतं.

मी मोठ्या ऐटीत महाडला परतले आणि दोन दिवसांनी काकांचा फोन आला.

"बाय, तुझी फाईल खोटं बोलते."

मी चमकले. "म्हणजे?"

"नेहमीचं असताना एक वाजते. मी मुद्दाम सेफ मोडमध्ये गेलो, तिथंपण एकच वाजते. फक्त जरा लांब वाजते."

पोलादपूरला जाईपर्यंत मी विचार करत होते. चूक माझीच होती. तीन टुकांच्या मध्ये क्षणभर थांबायला मी नेटवर्कच्या एका कमांडचा आधार घेतला होता. ती उत्तराची वाट बघत बसते, तेवढा वेळ जातो. क्लासमधल्या चालू मशीनवर मी ते तपासलंही होतं. पण सेफ मोडमध्ये नेटवर्कच नसतं. तिथे ती कमांड वाट न बघताच परतत होती आणि तिन्ही टुक एकमेकांना चिकटून एक होत होते. ज्या अवस्थेसाठी फाईल लिहिली, त्याच अवस्थेत ती मी तपासली नव्हती. काकांनी तपासली.

मी तो आधार काढला आणि त्याऐवजी मशीनला नुसतेच आकडे मोजायला लावले. हजारपर्यंत मोजलं तर फार पटकन, लाखापर्यंत तर फार उशीर. काका कान लावून बसले आणि मी आकडा कमीजास्त करत राहिले. शेवटी त्यांनी मान हलवली. "आता बरोबर. आता तीन हायत."

मग म्हणाले, "आता ती फाईल पुसून टाक."

"का?"

"मी लिवतो. तू नुसती सांग."

त्यांनी ती तीनदा लिहिली. तिसऱ्या वेळी मला काही सांगावं लागलं नाही.

त्यानंतर महिनाभर त्यांचा फोन आला नाही. मला आनंद व्हायला हवा होता. खरं सांगायचं तर थोडं चुकल्यासारखं वाटत होतं.

मग श्रावणातला तो दिवस आला. सकाळपासून धो धो कोसळत होतं. सावित्रीचं पाणी महाडच्या खालच्या आळ्यांत शिरलं होतं, दासगावकडचा रस्ता बंद, कशेडी घाटात दरड आल्याची बातमी. एस.टी. थांबल्या होत्या. क्लासमध्ये मी एकटीच, सगळी मशीन टेबलांवरून उचलून आणखी वर, फळ्यांवर ठेवत होते. दुपारी फोन वाजला.

"बाय, मी बोलतोय. तुला यायला जमायचं नाय, ठावं हाय मला. नुसती लाईनवर ऱ्हा."

कुडपणचे ते आजी-बाबा आले होते. मुलाच्या हातावर गॅरेजात काहीतरी पडून ऑपरेशन झालं, एवढंच कुणा गाववाल्याकडून त्यांना कळलं होतं. मुलाचा पत्ता नव्हता, फोन लागत नव्हता. आज ई-मेल असेल म्हणून दोघं डोंगर उतरून, ओहोळ ओलांडत आले होते. इकडे वीज गेली आणि आली, काका घाईत होते, आणि त्यांचा हात सवयीनं वरच्या बाणाकडे गेला. समोर यादी असली की तिच्या माथ्यावर जाऊन एकेक करत खाली यायचं, ही त्यांची रीत. त्या यादीत माथ्यावर सेफ मोड होता आणि एंटर दाबताच तोच निवडला गेला.

"मशीन गप्प हाय. बोल चालवतो. तूपण ऐक."

त्यांनी रिसीव्हर डब्याजवळ धरला असणार. पावसाचा आवाज, काचेवर काहीतरी आपटत होतं, आणि मग अगदी स्पष्ट, टुक, टुक, टुक.

"तीन," मी म्हटलं.

"तीन," ते म्हणाले. "म्हंजे मेलं नाय. जपून उठलंय."

मशीन बंद झाल्याचं मला ऐकू आलं. पुन्हा चालू झाल्याचं ऐकू आलं. या खेपेला यादीच्या वेळी त्यांनी कशालाही हात लावला नाही. तिथे असते तरी मी याहून वेगळं काही केलं नसतं. मग बटणांची खटखट आणि 'बोल'चा एक टुक. आणि त्याच्या मागोमाग तो सपाट परदेशी आवाज.

काका रिसीव्हर ठेवायला विसरले. बूथमधली दुसरी लाईन मोडेमला होती. तो किंचाळला, थांबला, आणि पत्राचं वाचन सुरू झालं. मला त्यातलं एक अक्षर समजलं नाही. मग काकांचा आवाज आला.

"आई, घाबरू नको. डाव्या हाताची दोन बोटं गेली. बाकी हात चांगला हाय. हे पत्र मीच लिवतोय, उजव्या हातानं. मालक माणूस चांगला हाय. दिवाळीला येतोय."

मग आजींचा आवाज, "पुन्ना एकदा सांगा हो. दोनच ना?"

"दोनच," काका म्हणाले.

"पुन्ना वाचा."

त्यांनी पुन्हा वाचलं. चार वेळा वाचलं असेल. चौथ्यांदा म्हातारबाबा म्हणाले, "लिवा त्याला, ये. नुसतं ये म्हणावं." मी हळूच फोन ठेवला. ते ऐकण्याचा मला हक्क नव्हता असं वाटलं, आणि डोळेही भरून आले होते.

पाणी ओसरल्यावर आठवड्याभरानं मी गेले. काकांनी दुसरी एक फाईल लिहिली होती. तीही 'बोल'सारखीच, पण सेफ मोड सापडला तर तीन टुक देऊन मशीन स्वतःच बंद करून पुन्हा चालू करणारी. बंद करण्याची कमांड त्यांना मुंबईतल्या एका अंध मित्रानं फोनवर सांगितली होती; त्या मित्राला यांनी 'बोल'च्या ओळी सांगितल्या होत्या. तिथून त्या आणखी कुणाकुणाकडे गेल्या. फोनवरून, अक्षर अक्षर सांगत.

"तुझं नाव सांगितलंय बरं का सगळ्यांना," काका म्हणाले.

"यादीतलं वेगळं नाव ओळखलं तुम्ही. टुक तुम्ही सुचवला. चूक तुम्ही पकडलीत. मी काय केलं?"

"वाचून दाखवलंस," ते म्हणाले. अगदी मनापासून म्हणाले.

त्या वर्षी क्लासमध्ये बॅच फाईल शिकवताना मी हेच उदाहरण घेतलं. एका मुलीनं विचारलं, "मॅडम, पडद्यावर दिसतंच की, मग फाईल कशाला?" मी सगळी हकीकत सांगितली. तेव्हा ती म्हणाली, "आम्हाला भेटायचंय त्यांना."

पुढच्या रविवारी आम्ही नऊ जणं पोलादपूरला गेलो. काकूंनी आधी पोहे खायला लावले. मग काकांनी मॉनिटरची वायर काढून बाजूला ठेवली आणि म्हणाले, "एकेकानं बसायचं आणि घरी एक पत्र लिवायचं. मी ऐकतो."

पहिले दोघं तर सुरुवातीलाच अडकले. ती प्रश्न विचारणारी मुलगी चार ओळींपर्यंत गेली आणि सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. शेवटी काका म्हणाले, "आता मॅडमना बसवा." मी बसले. त्या घाईच्या आवाजानं माझा गोंधळ उडाला. मी एक बटण चुकले, मग ते सुधारायला आणखी दोन चुकले, आणि पत्र कुठे गेलं ते मला कळेना. मुलं खिदळायला लागली. काकांनी माझी बोटं हलकेच उचलून बटणांवर नीट ठेवली, डावी आणि मग उजवी, आणि म्हणाले, "घाई नको करू बाय. आधी ऐक. मंग दाब."